गाण्यांची निष्क्रिय खाती

बँकेच्या नियमांत काव्य नसतं असं म्हणणाऱ्यांनी ते नियम वाचलेले नसतात. (आम्हीही सगळे वाचलेले नसतात, पण ते जाऊ द्या.) बचत खात्यावर दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खातं 'निष्क्रिय' ठरतं. यातली सगळी मेख 'स्वतः' या शब्दात आहे. मधल्या काळात बँकेने व्याज जमा केलं तर तो व्यवहार नव्हे. बँकेने आपला आकार कापून घेतला तर तोही नव्हे, मग खातेदाराला तो कितीही झोंबो. खातेदाराचा हात लागला पाहिजे. दहा वर्षं हात लागला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या एका निधीकडे रवाना होते. बुडत मात्र नाही हं! खातेदाराने किंवा वारसाने यावं, ओळख पटवावी, घेऊन जावं. अडचण एवढीच, की आपल्या आजीचं इथं खातं होतं हे वारसाला ठाऊक असावं लागतं.

मी कॉमर्सचा पदवीधर. पालघरला राहतो, बोईसरला काउंटरवर बसतो. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट मला शेवटी पासबुकासारखी दिसते, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे. तिचं खरं आहे. हल्ली टीव्हीवर जुनी गाणी ऐकताना माझ्या मनात हटकून येतं : हे निष्क्रिय खातं!

जुनी गाणी म्हणजे सिनेमातली नव्हेत. जात्यावरची, होडीवरची, लावणीच्या चिखलातली, हळदीच्या मांडवातली. ज्यांना पुस्तकात लोकगीत म्हणतात ती. लोक स्वतः त्यांना लोकगीत म्हणत नाहीत. लोक ती नुसती म्हणतात.

हे सगळं डोक्यात शिरायला कारण अमेरिका. आमच्या चिरंजीवांनी घरात नवा टीव्ही आणवला. तो भिंतीवर कॅलेंडरसारखा टांगतात आणि त्यावर जगातलं काहीही दिसतं, फक्त आपल्याला हवं ते कुठल्या बटणावर आहे ते दिसत नाही. एका रात्री चिरंजीवांनी त्यावर 'कंट्री म्युझिक' नावाचं काहीतरी लावलं. केन बर्न्स नावाच्या गृहस्थाने २०१९ साली अमेरिकेच्या गावरान गाण्यांवर आठ भागांचा, सोळा तासांचा माहितीपट काढलाय, त्यातले तुकडे. आई कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. तिने विचारलं, "काय लावलंय?"

"कंट्री म्युझिक, आजी."

आईचा हात थांबला. आमच्याकडे 'कंट्री' या शब्दाला एकच अर्थ. स्टेशनाबाहेर हिरवी जाळी लावलेल्या दुकानात मिळते, ती सरकारमान्य कंट्री. "घरात मुलंबाळं आहेत. बंद करा ते," ती म्हणाली. मग मी तिला समजावलं, की आई, तिकडे कंट्री म्हणजे गाव, ही गावाकडची गाणी. तिने पाहिलं. अंगात साधे कपडे, हातात वाद्य, एक बाई डोळे मिटून गातेय. जरा वेळाने आई म्हणाली, "शब्द कळत नाहीत, पण कुणीतरी गेलंय तिचं." आणि पुन्हा वाल सोलू लागली. गेलंच होतं कुणीतरी. खाली इंग्रजीत अक्षरं येत होती, ती वाचून मला कळलं. तिला न वाचता.

आता गंमत बघा. त्या माहितीपटात सांगतात, की या संगीताचा जन्म १९२७ सालचा. टेनेसी राज्यात ब्रिस्टल नावाचं गाव आहे. राल्फ पीर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन गेला आणि २५ जुलैला कामाला बसला. गाण्याचे पैसे मिळतात हे स्थानिक पेपरात छापून आल्यावर डोंगरादऱ्यांतून माणसं लोटली. त्यातच कार्टर कुटुंब आलं आणि जिमी रॉजर्स नावाचा तरुण आला. हा रेल्वेत ब्रेक्समन होता! त्याच्या गाण्यात आगगाड्याच आगगाड्या. विरार-डहाणू पट्ट्यातल्या माणसाला याहून जवळचा गायक कोण असणार?

आणि त्याच १९२७ साली, फक्त दोन दिवस आधी, २३ जुलैला, इकडे मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्या दोन दिवसांत, म्हणाल तर, तिकडे गावाने यंत्राच्या तोंडात गायला सुरुवात केली आणि इकडे यंत्राने गावाच्या कानात. कंपनीचं पुढे काय झालं ते मात्र बँकवाल्याने सांगितलेलं बरं : तीन वर्षांत दिवाळं वाजलं आणि सरकारला ते दुकान चालवायला घ्यावं लागलं. अमेरिकन लोक व्यवहारात पक्के. तिकडे नॅशव्हिलला १९२५ साली या गावरान गाण्यांचा जो साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, तो एका विमा कंपनीच्या केंद्रावर! केंद्राच्या नावाची अक्षरंसुद्धा 'आम्ही लाखोंचं रक्षण करतो' या विम्याच्या घोषवाक्यावरून घेतलेली. एजंट दारोदार जात, त्या कार्यक्रमाचं नाव काढत, आणि दार उघडत असे. आमच्याकडे विमा एजंट आला की आधी दार लागतं, याचं कारण त्याच्याकडे गाणं नसतं हेच असावं.

कार्टर कुटुंबातला कर्ता पुरुष पुढे गावोगाव हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी गोळा करायचा. सोबत लेस्ली रिडल नावाचा एक काळा गिटारवाला असे. शब्द याने लिहून घ्यायचे, चाल त्याने डोक्यात ठेवायची. थोडक्यात एक कॅशियर, एक लेजर. नाव झालं ते कार्टर मंडळींचं. लेजरचं नाव कुणी घेत नाही, हा जगभरचा रिवाज आहे.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे असं कुणी हिंडलं का? हिंडलं की! आणि कोण कोण हिंडलं ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं. पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह १८९१ साली निघाला, तो एका शाळिग्रामांनी आणि एका अ‍ॅक्वर्थसाहेबाने मिळून काढला. हे हॅरी अ‍ॅक्वर्थ म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. वडाळ्याच्या कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाला ज्यांचं नाव आहे तेच. दिवसा शहराची गटारं बघायची आणि उरलेल्या वेळात तानाजीचे आणि अफझलखानवधाचे पोवाडे जमवायचे! अगिनदासाचा अफझलखानाचा पोवाडा १६५९ चा, म्हणजे खात्याला सव्वादोनशे वर्षांहून जास्त झालेली. साहेबाने तीन वर्षांनी इंग्रजीत भाषांतरही केलं. आजच्या एखाद्या कमिशनरसाहेबांना पोवाडा जमवताना डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यांच्यावर पोवाडा रचलेला चालेल, पण जमवणं कठीण.

बायकांच्या ओव्या साने गुरुजींनी गोळा केल्या आणि १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' या नावाने छापल्या. पुढे सरोजिनीबाई बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे पुस्तकांवर पुस्तकं काढली. आणि मग पुण्यात गी पॉइटवँ नावाचे एक फ्रेंच गृहस्थ आणि हेमाताई राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या जमा केल्या. एक लाख! आज त्या 'पारी' नावाच्या ग्रामीण भारताच्या दफ्तरखान्यात ऐकायला मिळतात. एक फ्रेंच माणूस येऊन आपल्या आयाबायांचं लेजर लिहितो, आणि आपण त्याच्या नावाचा उच्चार कसा करायचा यावर अडतो.

पण ही खाती निष्क्रिय झाली कशी? कुणी गाणं बंद करा असा हुकूम काढला नव्हता. उलट सगळं चांगलंच होत गेलं. गावात वीज आली, पिठाची गिरणी आली. आई सांगते, ती लहान असताना तिच्या गावात गिरणी आली तेव्हा बायकांनी गिरणीची पूजा केली, नारळ फोडला. का नाही फोडणार? पहाटे उठून दोन-दोन पायल्या दळायच्या म्हणजे चेष्टा आहे? जातं बंद पडलं आणि ओवी दाराबाहेर उभी राहिली, कारण तिला आत यायला दुसरी वाट नव्हती. होडीला यंत्र लागलं आणि वल्ह्यावरचं गाणं गेलं. इंजिनाच्या आवाजावर कोण गाणार आणि कुणाला ऐकू जाणार? अंगाला लागलेले कष्ट गेले, ही आनंदाचीच गोष्ट. कष्टाबरोबर त्यांची सोबतही गेली, ते उशिरा लक्षात येतं. "जातं परत आणायचं का गं?" असं मी एकदा आईला विचारलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो विषय मी कायमचा निकालात काढला.

मधल्या काळात आमच्यासारख्यांच्या घरी ही गाणी आली ती रेडिओतून आणि कॅसेटमधून. माझे वडील तारापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता, त्याला ते लेथ मशीनइतक्याच आदराने तेल देत. त्यात प्रल्हाद शिंदे, त्यात शाहीर साबळे, आणि एका कॅसेटवर निळ्या पेनाने नुसतं 'इतर' लिहिलेलं. या 'इतर'मध्ये सुलोचनाबाई चव्हाणांच्या लावण्या असत. ती कॅसेट लागली की वडील आवाज लहान करीत आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडे, "जरा मोठ्यानं लाव, मला ऐकू येत नाही!" लावणी म्हणजे काहीतरी भलतंच असा समज असलेल्यांना सांगायला हवं, की सुलोचनाबाई गिरगावात फणसवाडीत वाढलेल्या, आणि स्टेजवर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्या राहात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. टीव्हीवर बातमी आली तेव्हा आईने पहिल्यांदा मान्य केलं की 'इतर' कॅसेट तिलाही पाठ होती.

आणि कोळीगीतं! डोलकराचं ते प्रसिद्ध गाणं लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांनी गायलं. शब्द शांताबाई शेळक्यांचे आणि चाल हृदयनाथांची. शांताबाईंचं बालपण मंचर-खेडकडचं, म्हणजे घाटावरचं. हेमंतकुमार बंगाली. तरी किनाऱ्यावरच्या हळदीत ते गाणं वाजल्याशिवाय राहात नाही. सातपाटीच्या एक मावशी आमच्या शाखेत मासळीचे पैसे भरायला येतात. नोटा ओल्या असतात, पण हिशेब कोरडा ठणठणीत. त्यांना मी म्हटलं, "मावशी, तुमचं ते डोलकराचं गाणं काय सुंदर आहे हो!" त्या म्हणाल्या, "ते रेडिओचं गाणं, भाऊ. चांगलं आहे. आमचं निराळं." आमचं म्हणजे कुठलं? तर हळदीला धवलारीण म्हणते ते. पण ते काउंटरवर कसं म्हणणार? त्याला मांडव लागतो.

मावशींचं हे वाक्य मी फार दिवस मनात घोळवलं. रेडिओचं खोटं आणि मांडवातलं खरं, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. दोन्हीवर त्या नाचल्या असणार. त्यांनी फक्त खाती वेगळी ठेवली होती.

मग आला टीव्ही. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. ते आमच्या घरी पोचायला बरीच वर्षं लागली, आणि पोचलं तेव्हा आधी मुंग्या आल्या, चित्र मागून आलं. गच्चीवर एक माणूस अँटेना फिरवायला, जिन्यात एक माणूस निरोप द्यायला आणि खोलीत बाकी सगळे "आलं, आलं, गेलं!" म्हणायला, अशी तीन मजली व्यवस्था होती. 'आमची माती, आमची माणसं' आमचे वडील न चुकता बघत. माती एका कुंडीपुरती होती, पण माणसं बघायला काय हरकत?

पुढे वाहिन्या वाढल्या. २००८-०९ साली झी मराठीवर 'सारेगमप'च्या लिटिल चॅम्प्सनी उभ्या महाराष्ट्राला जेवणाच्या वेळा बदलायला लावल्या. आळंदीची कार्तिकी गायकवाड नावाची चिमुरडी उभी राहिली आणि तिने गवळणी, भारुडं, रांगडी लोकगीतं अशा काही आवाजात म्हटली की सोफ्यावरची माणसं सरसावून बसली. महाअंतिम फेरीही तीच जिंकली. आमच्या बिल्डिंगमधले एक शास्त्रीय संगीतवाले काका आठवडाभर नाराज होते. आई मात्र कार्तिकीचं गाणं सुरू झालं की बरोबरीने ओठ हलवायची. तेव्हा मला कळलं, की आईला हे येतं! पंचवीस-तीस वर्षं एका घरात राहून मला ते टीव्हीने सांगितलं.

शाहीर साबळ्यांचंही तसंच झालं. १९२३ साली वाईजवळ पसरणीला जन्मलेला मुलगा. आईच्या ओव्या कानात, अमळनेरला साने गुरुजींचा सहवास, पुढे मुंबईत 'महाराष्ट्राची लोकधारा' उभी केली आणि गोंधळ, वाघ्यामुरळी, बाल्यानाच सगळं शहरी रंगमंचावर आणलं. १९९८ ला पद्मश्री, २०१५ ला निधन. २०२३ साली त्यांच्याच नातवाने, केदार शिंद्यांनी, त्यांच्यावर सिनेमा काढला, आणि त्याच वर्षी राजा बढे-श्रीनिवास खळ्यांचं, शाहिरांनी गायलेलं गाणं सरकारने राज्यगीत केलं. त्यातली दोन कडवी आता सरकारी समारंभात वाजतात. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हा नवीन शाहीर मस्त गातो." नवीन! मी वडिलांची कॅसेट दाखवली. त्याने ती उलटसुलट करून विचारलं, "ही चार्ज कुठून करायची?"

आता एका वाद्याबद्दल सांगितलं नाही तर पालघरच्या माणसाने लिहिण्यात अर्थ नाही. वारली चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. चहाच्या कपावर, साडीवर, स्टेशनाच्या भिंतीवर, कॅलेंडरवर. मध्यभागी एक माणूस लांब वाद्य फुंकतोय आणि भोवती हातात हात गुंफलेल्या माणसांचं वेटोळं. ते वाद्य म्हणजे तारपा. वाळलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या, मेणाने सांधलेला, पुढे ताडाच्या पानांचं तोंड. भात तयार झालं की वाजायला लागतो. नाचणारे तारपकऱ्याकडे पाठ करीत नाहीत. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. चित्र जगभर पोचलं, पण चित्रातला माणूस वाजवतोय काय, हे कपातून चहा पिणाऱ्या कुणी विचारलं नाही. फोटो लावलाय, आवाज बंद केलाय, असा हा प्रकार.

आणि मग २५ जानेवारी २०२६ च्या संध्याकाळी टीव्हीवर पद्म पुरस्कारांची नावं सरकू लागली. त्यात एक नाव : भिकल्या लाडक्या धिंडा, तारपावादक. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे. नव्वदी ओलांडलेले. आमच्याच जिल्ह्यातले! सगळं आयुष्य हा माणूस तारपा वाजवत होता. आमच्या पालघरच्या दिवाणखान्यात तो दिल्लीमार्गे पोचला. त्यांचं खातं मात्र एक दिवसही निष्क्रिय नव्हतं. पासबुक भरून घ्यायला आपण गेलो नव्हतो, एवढंच.

टीव्हीवर रागावण्यात अर्थ नाही. शिल्लक किती आहे ते तो बिचारा इमानाने दाखवतो. आईचे ओठ त्यानेच हलवले, कॅसेट माळ्यावरून त्यानेच खाली काढवली. पण बघणं हा व्यवहार नव्हे. ते जमा झालेलं व्याज. खातेदाराचा हात लागल्याशिवाय खातं चालू होत नाही, हा नियम टीव्हीलाही आहे. आमच्या डहाणू लोकलमध्ये भजनी मंडळी असतात. टाळ घेऊन चढतात, उभ्याने गातात. मी पालघरला चढतो, मध्ये एक उमरोळी आणि लगेच बोईसर. त्यामुळे गेली कित्येक वर्षं एकही अभंग मला शेवटपर्यंत मिळालेला नाही. तरी टाळीला हात जातो. तेवढा किरकोळ व्यवहार चालतो.

मे महिन्याच्या सुट्टीत चिरंजीवांनी ठरवलं, की आजीच्या ओव्या फोनवर मुद्रित करायच्या. फोन समोर ठेवला, पंखा बंद केला, "हं, आजी, म्हण." आजी गप्प. "येत नाही का?" "येते रे, पण अशी हात मांडीवर ठेवून कशी येईल?" दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दुपारी भिजवलेले वाल तिच्यापुढे होते. हा कंटाळून तिच्यासमोर बसला आणि सोलू लागला. बराच वेळ नुसती सालं पडत होती. मग तिच्या हाताला लय आली आणि तिच्याही नकळत ओवी आली. आधी भावाची, मग माहेरच्या वाटेची, मग आगीनगाडीची.

ओवीची एक रीत आहे. तिच्यात माणसाचं नाव घालायला जागा मोकळी असते. ज्या बाईची ओवी, तिच्या माणसाचं नाव. आजी म्हणायची तेव्हा तिथे माझ्या वडिलांचं नाव असे. त्या दुपारी आईने तिथे नातवाचं घातलं. तो वाल सोलायचा थांबला. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता.

पुढचा वाल हातात घेऊन त्याने विचारलं, "आजी, यात तुझं नाव घालून मी म्हणू का?"

"म्हण की," आई म्हणाली, "पण हात चालू ठेव. रात्री बिरडं करायचंय."